14 स्ट्राइक, 2 मरळी आणि खराट्याची काडी

रबरी आमिषावर मरळ का निसटते, हे फेब्रुवारीपासून वहीत मांडतोय. हतनूर धरणाच्या फुगवट्यात, चांगदेवच्या वरच्या अंगाला पूर्णेच्या काठाने 4 इंची पॅडल टेलवर, म्हणजे वल्ह्यासारखी शेपटी हलवणाऱ्या रबरी मासोळीवर (हिलाच शॅड म्हणतात), 14 स्ट्राइक आले, म्हणजे माशाने 14 वेळा झडप घातली. काठावर आल्या 2 मरळी. उरलेल्या 12 वेळा एकच तऱ्हा: बेशरमीच्या झुडपाखाली पाणी फुटतं, दोरी ताणते, मी झटका देतो आणि रबर सुळकन परत. शेपटी शाबूत, अंगावर बारीक दातांची रांगोळी, आणि नाक घसरून हुकच्या बाकात येऊन बसलेलं.

या घसरलेल्या नाकाकडे मी तीन आठवडे बघत होतो, पण ते मला दिसलंच नाही.

मागच्या वेळी लिहिताना सगळा दोष नायलॉनच्या दोरीवर टाकला होता. ताणतो म्हणून 30 पाउंडांची ब्रेड, म्हणजे न ताणणारी विणलेली दोरी, भरली. फरक शून्य. मग फ्रॉगवर, म्हणजे रबरी बेडकावर, थांबतात तसं दोन सेकंद थांबून झटका द्यायला लागलो, तर तेवढ्यात मरळ रबर थुंकून मोकळी. जाळं उचलायला आलेले एक आबा बराच वेळ बघत होते. शेवटी म्हणाले, "मासा तर खाऊ राहिला भो, तूच त्याच्या तोंडातून काढून घेऊ राहिला." राग आला, पण घरी येईपर्यंत तेच वाक्य डोक्यात.

त्या रात्री स्वयंपाकघरात प्रयोग केला. जुनी रबरी स्लीपर मधोमध दुमडली आणि मुलीला दोन्ही हातांनी घट्ट धरायला सांगितली. हे मरळीचं तोंड. त्यात टेक्सास रिग केलेला शॅड ठेवला, म्हणजे हुक नाकातून घातलेला आणि टोक पाठीत लपवलेलं, हुक 3/0 चा रुंद बाकाचा (वाइड गॅप), आणि लीडर, म्हणजे हुकला बांधलेला दोरीचा शेवटचा तुकडा, हातात धरून हळूहळू ओढला. जे नदीत अर्ध्या सेकंदात होतं ते ओट्यावर सावकाश दिसलं. आधी नाक हुकच्या मानेवरून सुटलं. मग सगळं रबर मागे सरकून बाकात गोळा झालं, चुरगळलेल्या पायमोज्यासारखं. टोक बाहेर यायला जागाच नाही. ते त्या गोळ्यातच रुतलं आणि अख्खी पुरचुंडी स्लीपरमधून निसटून आली. सहा वेळा केलं, पाच वेळा तेच. बायको म्हणाली, मासे राहू दे, आधी चप्पल तरी पकड.

म्हणजे दोष दोन. शॅडचं पोट त्या हुकच्या मानाने जाड, आणि नाकाचं भोक प्रत्येक कास्टला, म्हणजे फेकीला, मोठं होत गेलेलं.

पहिला उपाय सरळ होता, मोठा 5/0 हुक. पुरचुंडी झाली तरी टोकाला जागा राहते. पण तेवढा लांब हुक पार शेपटीच्या मुळाशी पोचला आणि पॅडल हलायचीच बंद. पाण्यात काडेपेटी ओढल्यासारखं चाललं. रद्द. दुसरा, नाकात फेवीक्विकचा थेंब. पंधरा-वीस कास्ट छान टिकला, मग जोड पांढरा कडक होऊन तडकला आणि नाकच फाडून घेऊन गेला. तिसरा, पोटाला ब्लेडने उभी चीर, शेपटीच्या अलीकडे थांबवून. याने खरंच फरक पडला. दाबलं की पोट दोन बाजूंना उघडतं आणि टोक मोकळं होतं. (बऱ्याच चांगल्या शॅडला ही खाच मुळातच असते. माझी पाकिटं स्वस्तातली.)

नाक तरी घसरतच होतं. सकाळी अंगण झाडताना खराट्याची काडी बोटात घुसली आणि डोकं चाललं. हुकचं नेढं नाकात ओढून घ्यायचं, मग काडी आडवी अशी खुपसायची की ती रबरातून, नेढ्यातून आणि पलीकडच्या रबरातून जाईल. दोन्ही टोकं नखाएवढीही बाहेर न ठेवता कापायची. स्लीपरमधून दहा वेळा ओढलं. नऊ वेळा टोक बाहेर.

रविवारी 7 स्ट्राइक, 5 लागल्या, 3 काठावर. मोठी 1 किलो 600 ग्रॅम. जलपर्णीच्या कडेला हवा घ्यायला वर आली, पाण्यावर कडं उठलं, त्याच्या हातभर पुढे शॅड टाकला, दोन वेळा रील फिरवलं आणि खेळ सुरू. हुक वरच्या जबड्याच्या कोपऱ्यात, अगदी चित्रात काढतात तसा. फोटो कामापुरता, मरळ परत पाण्यात. मच्छीमार सोसायटीच्या माणसाला विचारूनच बसतो, त्यालाही मी सोडतोय हे आता पटलंय. मात्र पावसाळ्याच्या तोंडाला लालसर पिल्लांच्या घोळक्यावर रबर टाकणाऱ्यांशी माझं जमत नाही. मरळ तेव्हा भुकेने चावत नाही, पिल्लं राखत असते.

रबराचा रंग कोणता घ्यावा, असं तिघांनी विचारलं होतं. पाणी गढूळ असेल तर काळा, निवळ असेल तर पांढरा. बारा रंग दुकानदाराच्या पोटासाठी असतात.

एक नुकसानही झालं. रबरांचा डबा दुपारभर गाडीच्या डिकीत राहिला, आणि जळगावचं ऊन तुम्हाला माहीत आहे. सहा शॅडच्या शेपट्या वाकड्या, म्हणजे पाण्यात गरगर फिरणार. कढत पाण्यात अर्धा मिनिट, हाताने सरळ, लगेच गार पाण्यात. चार वाचले. दोन मात्र टीपीई नावाच्या खूप ताणणाऱ्या रबराच्या किड्याला चिकटून वितळले होते, त्यांचा चिखलच. ती जात साध्या प्लास्टिसोलच्या, म्हणजे या शॅडच्या मालाच्या, शेजारी ठेवायची नसते हे माहीत असून केलं.

आता बेत असा होता की हलके बुलेट, म्हणजे शॅडच्या नाकापुढे लावायची गोळीच्या आकाराची वजनं, मागवायचे. पण हे लिहितानाच सुचतंय, नाकावर वजन हवंच कशाला? बुलेटमुळे शॅड नाकावर बुडतो आणि आधी गवतात शिरतो. हुकच्या दांडीवर सोल्डर वायरचे सात-आठ वेढे दिले तर वजन पोटाशी येईल, तो आडवा आणि सावकाश बसेल, शिवाय चिरलेल्या पोटात वेढे लपतीलही. मग बुलेटची ऑर्डर थांबवतो. फक्त वेढ्यांनी खाच भरली तर रबराला दबायला जागा उरेल का, हे स्लीपरलाच विचारावं लागेल. मुलगी झोपलीय, म्हणून उद्या. डबा आता माठाशेजारी ठेवलाय.