तुम्ही विचारलंत म्हणून: त्या पिकअपवाल्याला शोधलं का नाही?

"देवासारखा धावून आला म्हणतेस, मग त्याला शोधलं का नाहीस?" मावशीने विचारलं, शेजारणीने विचारलं, बाबांच्या दहाव्याला रामकुंडावर एका दूरच्या काकांनीही विचारलं. मी दरवेळी एकच सांगते: गडबडीत नाव विचारायचं राहिलं. हे खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही. आता तेच तेच सांगताना मला माझाच राग येतो, म्हणून एकदाच सगळं लिहिते.

ऑगस्ट २०१४. सकाळचे पावणेसात, पाऊस. घोटीहून नाशिकला येताना वाडीवऱ्ह्याच्या अलीकडे आमच्या मोटारसायकलला मागून कशाचा तरी दणका बसला. मी कडेच्या चिखलात फेकले गेले, बाबा डांबरावर. ज्याने उडवलं तो थांबला नाही. मागून येणाऱ्या गाड्या जरा हळू व्हायच्या, काच खाली व्हायची, पुन्हा वर जायची. त्यांना नावं ठेवायचा मला हक्क नाही, मीही कितीदा अशीच पुढे गेलेय.

मग एक पिकअप थांबला. वाशीच्या मार्केटला रात्री कोथिंबीर टाकून रिकाम्या क्रेटसह परत निघालेला, एमएच १५ पासिंगचा. पस्तिशीचा माणूस उतरला, बाबांकडे एकदा बघितलं आणि काही न बोलता मागची दोरी सोडायला लागला. ओल्या दोरीची गाठ सुटेना, तेव्हा त्याने ती दातांनी ओढली. मग निळे क्रेट एकेक करून रस्त्याच्या कडेला फेकले. पंधरा-वीस तरी असतील. बाबांना ठेवण्यापुरती जागा झाल्यावर बारदान अंथरलं आणि म्हणाला, "ताई, डोकं मांडीवर घ्या, मान हलू देऊ नका." फाळक्याला कोथिंबिरीच्या काड्या चिकटल्या होत्या. तो वास अजूनही भाजी निवडताना अचानक येतो आणि हात थांबतो.

गाडी सुटल्यावर मी काय केलं? एका हाताने बाबांचं डोकं धरलं आणि दुसऱ्या हाताने दादाला मेसेज केला: गाडीचा नंबर, आणि पुढे 'याच्या गाडीत आहे, लक्ष ठेव'. चढताना नंबर बघून ठेवला होता. आभार मानायला लागेल म्हणून नव्हे, त्याचा भरवसा वाटत नव्हता म्हणून. एकटी बाई, अनोळखी गाडी, भीती वाटणं साहजिक होतं, असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगितलं. ते खरंही आहे.

पण त्यापुढचं मी कुणाला सांगितलेलं नाही. दवाखान्यात बाबांना आत नेलं आणि काउंटरवरच्या माणसाने त्याला विचारलं, "तुम्हीच उडवलं का?" त्याने माझ्याकडे बघितलं. मी 'नाही, यांनी आणलं' असं म्हणावं, एवढीच त्याची अपेक्षा होती. मी गप्प राहिले. कारण मागून काय आदळलं ते मी पाहिलं नव्हतं, आणि त्या क्षणी मला वाटलं, हाच असेल तर? माणूस पाप धुवायला थांबला असेल तर? "नाव सांगा, पोलिसांना कळवावं लागेल," काउंटरवरचा म्हणाला. तो म्हणाला, "गाडी बाजूला लावून येतो." आलाच नाही. तो गेला तेव्हा माझा संशय उलट पक्का झाला, हेही लिहूनच टाकते.

तिसऱ्या दिवशी बाबा नीट बोलायला लागले. म्हणाले, पांढरी कार होती, आरशात दिसली होती.

मला कायदा सांगणारेही भेटतात. ३० मार्च २०१६ ला सर्वोच्च न्यायालयाने अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्यांसाठीच्या मार्गदर्शक सूचनांना मान्यता दिली, २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आलं. मदत करणाऱ्यावर नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही. मी हे सगळं वाचलंय, अनेकांना पाठवलंय, कारण रस्त्यावर पडलेल्याला उचलायला माणसं पोलिसांच्या ससेमिऱ्यामुळेच घाबरतात. तो दोन वर्षांनी आम्हाला भेटता तर काउंटरवर त्याला कुणी नावासाठी अडवू शकलं नसतं. पण मी गप्प बसले, त्याला कुठलं कलम लावायचं?

म्हणून शोधलं नाही. पूर्वी मी म्हणायचे, त्यालाच सापडायचं नसेल, उगाच कशाला मागे लागायचं. छान वाटायचं ऐकायला. आता वाटतं, ती माझी सोय होती. कधी वाटतं, नव्हती, त्याला खरंच दारात कुणी आलेलं नको असेल. माझं मलाच ठरवता येत नाही.

बाबा त्यानंतर आठ वर्षं जगले. शेवटपर्यंत मधूनच म्हणायचे, "त्याच्या क्रेटचे पैसे द्यायचे राहिले गं." आम्ही चार दिवसांनी त्या जागी गेलो होतो, तेव्हा तिथे एकही क्रेट नव्हता. तो परत येऊन घेऊन गेला असेल, असं मी बाबांना सांगितलं.

दादाचा तो फोन केव्हाच गेला. नंबर माझ्या डायरीत लिहिलेला आहे. दादा म्हणतो, दे, दोन दिवसांत पत्ता काढतो. मी अजून दिलेला नाही.