चार जहाजं बुडाली, स्टोकर वाचला

आज दिवसभर डोक्यात एकच माणूस आहे, साउथॅम्प्टनचा आर्थर जॉन प्रीस्ट, जहाजाच्या भट्ट्यांत कोळसा घालणारा स्टोकर. टायटॅनिक, अल्कँटारा, ब्रिटॅनिक, डोनेगल. चारही बुडाली, हा चारही वेळा वाचला. सगळे त्याच्या नशिबावरच बोलतात, कामाबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही.

टायटॅनिकवर २९ बॉयलर, १५९ भट्ट्या, दिवसाला साधारण ६०० टन कोळसा, आणि तो सगळा फावड्याने. चार तास पाळी, आठ तास सुट्टी, महिना ६ पौंड. कोळसा नुसता आत ढकलून भागत नाही. पातळ, सारखा थर पसरावा लागतो. ढीग झाला की हवा अडते, धूर होतो, वाफ पडते. राख वितळून जाळीला चिकटते, ती लांब सळईने फोडून काढायची. कुठली भट्टी कधी उघडायची ते घंटेचं यंत्र सांगायचं, कारण बरीच दारं एकदम उघडली तर गार हवा शिरून दाब उतरतो.

स्टोकर झोपायचे जहाजाच्या अगदी पुढच्या टोकाला. तिथून गोल जिना उतरून बोगद्यातून बॉयलरकडे. जहाज बुडालं त्या दिवसापासून पगारही बंद!

ब्रिटॅनिक हे रुग्णालय-जहाज १९१६ मध्ये सुरुंगाने ५५ मिनिटांत गेलं. वॉर्डात हवा यावी म्हणून उघड्या ठेवलेल्या खिडक्यांतूनही पाणी शिरलं. १९१७ मध्ये डोनेगलवर आर्ची ज्युएल दगावला. तोही टायटॅनिक आणि ब्रिटॅनिकमधून वाचलेला. प्रीस्टच्या फक्त डोक्याला लागलं. पुढे म्हणे त्याच्याबरोबर जहाजावर यायला कोणी तयार होईना.