दोन राखीव खेळाडू आणले, रिबाउंड मात्र जातच राहिले

गेल्या हंगामाच्या मध्यावर आमच्या मंडळाच्या बास्केटबॉल संघात दोन राखीव खेळाडू घेण्याचे ठरले आणि संघाचा व्यवस्थापक म्हणून ते काम माझ्याकडे आले. खेळाडू शोधणे, त्यांची कागदपत्रे जमवणे, वर्गणी गोळा करणे, सरावात त्यांना सामावून घेणे आणि नंतर त्यांचा नेमका किती उपयोग झाला हे वहीत मांडणे, यात माझे चार महिने गेले. त्या चार महिन्यांत जे कळले ते आधी कळले असते तर मी त्या बैठकीत हात वर केला नसता.

कोल्हापूर हे कुस्तीचे आणि फुटबॉलचे गाव आहे. बास्केटबॉल येथे शाळा-महाविद्यालयांच्या मैदानांवर आणि क्रीडासंकुलात खेळला जातो आणि प्रेक्षकांत बहुतेक खेळाडूंचे आईवडीलच असतात. तरीही शाहू स्टेडियमवर पेठांचे फुटबॉल संघ बाहेरगावचे, प्रसंगी परदेशातलेही खेळाडू उतरवतात हे लहानपणापासून पाहिलेले असल्यामुळे, संघ हरला की "यंदा कुणाला आणायचं?" हा प्रश्न आमच्याही तोंडी आपोआप येतो. आहेत त्यांचे काय चुकते, हा प्रश्न त्यानंतर येतो आणि बहुधा येतच नाही.

आमची दुखरी जागा कोणती याबद्दल मतभेद नव्हते. प्रतिस्पर्ध्याचा शॉट चुकला तरी चेंडू पुन्हा त्याच्याच हातात जायचा. अधिकृत स्कोअरशीटवर गुण, फाउल आणि टाइम-आउट यांच्या नोंदी असतात; रिबाउंड (हुकलेल्या शॉटनंतर उसळून आलेला चेंडू पकडणे) आणि टर्नओव्हर (शॉट न टाकताच चेंडू गमावणे) तेथे लिहिले जात नाहीत. म्हणून एका पालकाने मोबाइलवर केलेले चित्रण रात्री घरी पुन्हा पाहून मी ते आकडे माझ्या वहीत उतरवत असे. डिसेंबरमधील चार सामन्यांत प्रतिस्पर्ध्यांनी आमच्या रिंगखाली ५२ रिबाउंड परत घेतले होते, म्हणजे सामन्याला सरासरी १३. असा प्रत्येक रिबाउंड म्हणजे त्यांना फुकट मिळालेली आणखी एक संधी असते. प्रतिस्पर्ध्याला शॉटसाठी असलेले २४ सेकंद अगोदरच जीव तोडून डिफेन्स केलेल्या पोरांना, अशा रिबाउंडनंतर त्याला मिळणारे आणखी १४ सेकंद किती जड जातात, हे बेंचवर बसूनही दिसते.

यादीत १२ जणांना जागा असते आणि आमची १० नावे होती. त्यामुळे रिंगखाली उभा करायला एक उंच मुलगा आणि आमच्या पॉइंट गार्डला, म्हणजे चेंडू पुढे नेऊन खेळ रचणाऱ्या मुलाला, अधूनमधून विसावा देणारा दुसरा गार्ड, असे दोघे घ्यायचा निर्णय चहा येण्यापूर्वीच झाला. आमचे प्रशिक्षक त्या बैठकीत फारसे बोलले नाहीत. "आणा, पण सरावाला येणारे आणा," एवढेच ते म्हणाले.

जानेवारीत मोकळा असलेला खेळाडू मोकळा का आहे, हा प्रश्न मी स्वतःला फार उशिरा विचारला. ज्याला उंची आहे, पळता येते आणि हातही चांगला आहे, तो कोणत्या तरी संघाच्या पहिल्या पाचांत खेळत असतो आणि तो संघ त्याला सोडत नाही. बाजारात उरतात ते एखादी बाजू लंगडी असलेले. आम्हाला मिळालेला उंच मुलगा ६ फूट ४ इंचांचा, अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला, वसतिगृहात राहणारा होता. गुडघ्याच्या दुखापतीमुळे तो वर्षभर बाहेर होता आणि बाजूला सरकायला त्याला वेळ लागत असे. गार्ड होता तो गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत एका फाउंड्रीत कामाला. चेंडू त्याच्या हाताला चिकटल्यासारखा असे, पण एक आठवडा पहिली पाळी आणि एक आठवडा दुसरी असल्याने तो निम्म्याच सरावांना येऊ शकत होता. दोघेही स्वभावाने गुणी होते आणि पुढे मी जे लिहितो आहे त्यात त्यांचा दोष नाही.

कागदपत्रांची कथा थोडक्यात सांगतो. जन्मतारखेचा पुरावा, रहिवासाचा पुरावा, महाविद्यालयाचे प्रमाणपत्र, छायाचित्रे हे सारे दोन दिवसांत जमले. अडले ते आधीच्या संस्थेच्या ना हरकत पत्रापाशी. त्या एका कागदासाठी मी चार हेलपाटे घातले. एकदा सचिव परगावी होते, एकदा सचिव होते पण शिक्का नव्हता, तिसऱ्यांदा शिक्का होता पण लेटरहेड संपले होते, आणि नाव नोंदवण्याची मुदत संपायला दोन दिवस असताना ते पत्र हाती पडले. उंच मुलाच्या पायाच्या मापाचा बूट शहरात कोठे मिळेना, तो मागवावा लागला. दोघांचा गणवेश, बूट आणि येण्याजाण्याचा खर्च मिळून १८ हजार रुपये वर्गणीतून उभे केले. ज्याच्यासाठी इतकी धावपळ केली तो उपयोगी पडलाच पाहिजे असे माणसाला वाटू लागते, आणि माझेही तसेच झाले.

सरावात पहिली गोष्ट जाणवली ती वेळेची. आठवड्यातून चार दिवस, दीड तास, एवढाच वेळ आमच्याकडे असतो. नव्या मुलांना आमच्या चाली, हाताच्या खुणा, पिक लागल्यावर (म्हणजे प्रतिस्पर्ध्याने साथीदाराला मोकळे करण्यासाठी आपल्या खेळाडूची वाट अंगाने अडवल्यावर) कोणी माणूस बदलायचा आणि कोणी नाही, हे शिकवण्यात पहिले तीन आठवडे गेले. रिबाउंडचा सराव आम्ही त्या काळात जवळजवळ घेतलाच नाही, कारण रिबाउंडचा बंदोबस्त तर आम्ही आणलेलाच होता.

मग सामने सुरू झाले. मी बँकेत नोकरी केलेला माणूस असल्याने हिशेब मांडल्याशिवाय मला चैन पडत नाही. सामना ४० मिनिटांचा असतो आणि मैदानात पाच जण असतात, म्हणजे एका संघाकडे वाटायला २०० मिनिटे असतात. आमच्या पहिल्या पाचांनी त्यातील साधारण १५५ मिनिटे घेतली. उंच मुलाच्या वाट्याला सामन्यामागे ९ मिनिटे आली. प्रतिस्पर्धी ४० मिनिटांत १३ रिबाउंड परत घेत असतील, तर ९ मिनिटांत ते सुमारे तीन घेतील. या मुलाने त्यातील निम्मे वाचवले असे धरले तरी बचत झाली दीड रिबाउंडची. अशा प्रत्येक संधीचे मोल ढोबळमानाने एक गुण धरले, तर सारी यातायात सामन्याला दीड गुणासाठी होती. आणि तो मैदानात असताना प्रतिस्पर्ध्यांचा चपळ गार्ड पिक लावून त्याला मुद्दाम रिंगपासून लांब ओढत असे आणि त्याच्या बाजूने आत शिरत असे, तेव्हा तो दीड गुण त्याच ९ मिनिटांत परतही जात असे.

वहीत आणखी एक गोष्ट दिसली, जी मला मैदानावर कधी दिसली नव्हती. त्याने घेतलेल्या रिबाउंडची संख्या चांगली होती. ९ मिनिटांत तीन-चार तो घेतच होता. परंतु चित्रण थांबवून पाहिले, तर त्यांपैकी बरेच चेंडू असे होते की तो नसता तर आमचाच दुसरा कोणी ते घेणार होता. आपल्याच माणसाच्या हातातला रिबाउंड घेतला, तर त्याच्या नावापुढे एक आकडा वाढतो, पण संघाला काहीच मिळत नाही.

सगळ्यात खटकणारी बाब शेवटच्या क्वार्टरची होती. गुणांचा फरक पाच-सहा असला की प्रशिक्षक साहजिकच जुन्या पाचांना मैदानात ठेवत. त्यांच्यावर त्यांचा भरवसा होता आणि त्या पाचांना एकमेकांची सवय होती. म्हणजे रिबाउंड जाण्याने जेव्हा सर्वाधिक नुकसान होत होते, नेमका तेव्हाच त्यावरचा आमचा इलाज टॉवेल खांद्यावर टाकून माझ्या शेजारी बसलेला असे. तो खेळे दुसऱ्या क्वार्टरमध्ये, प्रतिस्पर्ध्यांच्या राखीव मुलांसमोर, जेव्हा आमची ती उणीव फारशी उघडी पडतच नव्हती.

आमच्यातली तरुण मुले पहाटे उठून एनबीएचे, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगचे, सामने पाहतात आणि त्यांच्याकडे माझ्या प्रत्येक शंकेला उत्तर असते. एकाने मला २००८ च्या बोस्टन सेल्टिक्सचा दाखला दिला. त्यांनी फेब्रुवारीत ३८ वर्षांच्या पी. जे. ब्राउनला घेतले, क्लीव्हलँडविरुद्धच्या बाद फेरीतील मालिकेच्या निर्णायक सातव्या सामन्यात अखेरच्या दीड मिनिटात त्याने मोलाचा शॉट टाकला आणि बोस्टन त्या वर्षी विजेते ठरले. दाखला खरा आहे. पण तो संघ नियमित हंगामात ८२ पैकी ६६ सामने जिंकलेला होता. ब्राउनने तेथे कोणतीही उणीव भरून काढली नाही, चांगल्या घरात आणखी एक जाणता माणूस आला एवढेच. मी त्याला २०२१ सालच्या लेकर्सची आठवण दिली. चार हंगामांत साऱ्या लीगमध्ये रिबाउंडच्या सरासरीत पहिला आलेला आंद्रे ड्रमंड करारातून मोकळा झाला, लेकर्सने त्याला मार्च महिन्यात घेतले आणि बेंचवर न बसवता थेट पहिल्या पाचांत खेळवले. पहिल्याच फेरीत लेकर्स फीनिक्सकडून ४–२ असे हरले आणि अखेरच्या सहाव्या सामन्यात ड्रमंडला मैदानात उतरवलेही नाही. अँथनी डेव्हिसची दुखापत हे त्या पराभवाचे मोठे कारण होते, हे मला मान्य आहे. तरी रिबाउंडचा एवढा धनीसुद्धा ऐन वेळी बाहेर बसू शकतो, एवढे मला त्या मुलाच्या गळी उतरवायचे होते. ते उतरले नाही.

खरी गोम एका पालकांनी दाखवली. हे गृहस्थ तरुणपणी तालमीत घुमलेले, बास्केटबॉलचे नियम त्यांना आजही नीट ठाऊक नाहीत. एका पराभवानंतर ते मला म्हणाले, "सर, तुमची पोरं बॉलकडं बघत्यात. समोरच्या गड्याकडं कोण बघतच न्हाई." बॉक्स-आउट म्हणजे तरी दुसरे काय असते? शॉट सुटल्याबरोबर आधी आपला माणूस शोधायचा, त्याला पाठीवर घ्यायचा आणि मगच चेंडूकडे पाहायचे. त्या रात्री मी चित्रण पुन्हा लावले आणि या खेपेला रिबाउंड कोणी घेतला हे न लिहिता, तो ज्याने घेतला त्याला अडवायचे काम कोणाचे होते ते लिहिले. तीन सामन्यांत गेलेल्या ३७ रिबाउंडांपैकी १६ वेळा एकच क्रमांक आला, आणि तो आमच्या कप्तानाचा होता.

कप्तान हा आमचा सर्वांत चांगला खेळाडू आहे. प्रतिस्पर्ध्याने शॉट टाकला की चेंडू खाली येण्यापूर्वीच तो पुढे धाव घेतो आणि आपल्या मुलाला रिबाउंड मिळाला तर लांब पासवर फास्ट ब्रेकचे दोन गुण करतो. सामन्याला असे सात-आठ गुण तो मिळवून देई आणि त्यावर आम्ही सारे टाळ्या वाजवत असू. मागे मात्र चौघे पाचांशी झगडत राहत. आमची उणीव ही आमच्याच जमेच्या बाजूची किंमत होती, आणि ती किंमत बेंचवरचा उंच मुलगा कसा भरणार? तो फार तर मागच्या चौघांपैकी एकाची जागा घेणार. पाचवा माणूस तेव्हाही पुढेच पळालेला असणार.

मी वही दाखवली तेव्हा कप्तान म्हणाला, "काका, मी थांबलो तर पुढं पळणार कोण?" प्रश्न रास्त होता. प्रशिक्षकांनी तोडगा असा काढला, की त्याने आपल्या माणसाला अंग लावून दोन मोजेपर्यंत थांबायचे आणि मगच सुटायचे. त्याच्याऐवजी लांब शॉट टाकणाऱ्याच्या अंगावर जो जाईल त्याने पुढे धावायचे. सरावाची पहिली वीस मिनिटे पुन्हा बॉक्स-आउटला दिली. मे महिन्यात वळवाने दोनदा मैदान भिजवल्यामुळे तो सराव पॅव्हेलियनच्या पायऱ्यांखाली, चेंडूशिवाय, नुसता एकमेकांना रेटत घेतला आणि तो सर्वांत चांगला झाला असे माझे मत आहे. शेवटच्या तीन सामन्यांत आमच्या रिंगखालचे गेलेले रिबाउंड सरासरी ९ वर आले. तीन सामने म्हणजे फार नव्हेत, हे मी जाणतो. त्याच तीन सामन्यांत आमचे फास्ट ब्रेकचे गुणही घटले, हेही वहीत लिहिलेले आहे.

फाउंड्रीतल्या गार्डबद्दल न लिहिणे अन्यायाचे होईल, कारण त्याचा उपयोग झाला. आमचा पॉइंट गार्ड पूर्वी ३७-३८ मिनिटे खेळत असे आणि शेवटच्या पाच मिनिटांत दमून पास चुकवत असे. या मुलाने रोज आठ मिनिटे चेंडू सांभाळला, तेवढ्याने त्या चुका कमी झाल्या. तेथे उणीव खेळातली नव्हती, दमाची होती, आणि दम दुसऱ्याकडून उसना मिळतो. पाच फाउल होऊन कोणी बाहेर गेला, तर त्याची मिनिटेही अशी उसनी मिळतात. बॉक्स-आउटची सवय उसनी मिळत नाही.

उपान्त्य सामना आम्ही चार गुणांनी हरलो. त्यात सात फ्री थ्रो हुकले होते, त्यांपैकी चार पुन्हा कप्तानाचेच. उंच मुलगा आता पुढच्या वर्षाच्या अभ्यासात गढला आहे आणि यंदा खेळणार नाही. गार्डने पाळी बदलून घेतली आहे. परवाच्या बैठकीत खजिनदारांनी नेहमीप्रमाणे विचारले, यंदा कुणाला आणायचं. फ्री थ्रो चांगले टाकणारा इचलकरंजीचा एक मुलगा मोकळा आहे, असे कोणीतरी म्हणाले. मी वही उघडली, तेव्हा कप्तान खिडकीबाहेर पाहू लागला.