गोळ्या मिळाल्या, पण आधी पोच मिळवावी लागली

ताईला बायपोलर आहे, म्हणजे मूड टोकाचा वर-खाली होण्याचा मानसिक आजार. लिथियमच्या गोळ्यांवर ती बरीच वर्षं व्यवस्थित आहे, नोकरी करते, घर बघते. उपचार जिल्हा रुग्णालयात. डॉक्टर नीट ऐकून घेतात, केस पेपरचे पैसेही १५ ऑगस्ट २०२३ पासून बंद झालेत. तिथवर सगळं ठीक. माझं डोकं फिरलं ते औषधाच्या खिडकीवर, आणि त्याहून जास्त आवक-जावकच्या टेबलावर.

खिडकीतून चिठ्ठी परत आली, लिथियमसमोर लाल पेनाने फुली. "वरून पुरवठा नाही, बाहेरून घ्या." गोळी महाग नाही, घेतलीही असती. पण मेडिकलवाले ती ठेवतच नाहीत. पुढच्या महिन्यात पुन्हा फुली. लिथियम एकदम बंद झालं की आजार उसळण्याचा धोका असतो, हे आम्ही एकदा भोगलंय. त्यामुळे 'येईल हो, चौकशी करत रहा' यावर गप्प बसणं शक्य नव्हतं.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चं कलम १८(१०) वाचून ठेवा. सरकारच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतली औषधं सामुदायिक आरोग्य केंद्रापासून (आपल्याकडे ग्रामीण रुग्णालय) वरच्या सगळ्या सरकारी दवाखान्यांत मानसिक रुग्णांना मोफत आणि सदासर्वकाळ मिळाली पाहिजेत, असं त्यात आहे. लिथियम २०२२ च्या राष्ट्रीय यादीत आहे. सेवेत कमतरता असेल तर तक्रार कुठे करायची ते कलम २८ मध्ये: आधी तिथल्या प्रमुख वैद्यकीय अधिकाऱ्याकडे, समाधान झालं नाही तर याच कायद्याखालच्या मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाकडे, त्यानंतर राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे.

मी पानभर अर्ज लिहिला आणि आवक विभागात गेलो. टेबलावरच्या मॅडमनी विषय वाचला आणि कागद तसाच माझ्याकडे सरकवला.

"हे पेशंटनं द्यायचं. तुम्ही कोण?"

"भाऊ."

"मग अधिकारपत्र आणा. स्टॅम्पपेपरवर, नोटरी करून."

ताईला रजा काढून नोटरीकडे नेणं म्हणजे तिच्या ऑफिसात कारण सांगणं आलं. ते तिला नकोय, आणि का असावं? घरी येऊन कायदा पुन्हा काढला. कलम १४ मध्ये नामनिर्देशित प्रतिनिधीची, म्हणजे रुग्णाने आपल्या वतीने नेमलेल्या माणसाची सोय आहे आणि ती साध्या कागदावर, रुग्णाच्या सहीने किंवा अंगठ्याने होते. स्टॅम्पपेपर नाही, नोटरी नाही. ताईने वहीच्या पानावर चार ओळी लिहून सही केली. कलमाची छापील प्रत जोडली, त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारली.

मॅडमनी रेघ मारलेली ओळ वाचली. "साहेबांना विचारावं लागेल." साहेब मीटिंगला. मग साहेब दौऱ्यावर. मग साहेब होते, पण त्यांनी "ठेवून जा" एवढंच म्हटलं. ठेवून गेलो असतो तर तो कागद आजही कुठल्यातरी फाइलखाली असता. मी म्हटलं, ठेवतो, पण माझ्या प्रतीवर पोच द्या. "पोच कशाला? आम्ही काय खाऊन टाकणार आहोत का?" मी तिथेच बाकावर बसून राहिलो. जेवणाची सुट्टी झाली, डबे उघडले, बंद झाले. चारच्या सुमारास मॅडमनी शिक्का उचलला, शाईच्या पॅडवर दोनदा आपटला आणि माझ्या प्रतीवर मारला. आवक क्रमांकाची जागा कोरीच. तीही भरून घेतली. नुसता गोल शिक्का घेऊन कधीच उठू नका. क्रमांक नसेल तर तो अर्ज रजिस्टरला नाही.

हो, आणि अर्जाखाली 'प्रत माहितीसाठी' म्हणून मंडळ आणि राज्य प्राधिकरणाचं नाव घाला. माझ्या मते खरं काम त्या दोन ओळींनी केलं. कारण पुढच्या आठवड्यात औषध भांडारातून फोन आला की स्थानिक खरेदी केलीय, येऊन घेऊन जा. इतके दिवस जी गोष्ट 'वरून' यायची होती ती गावातून आली! खिडकीवरचा माणूस मात्र छान हसला, म्हणाला बाकीच्या पेशंटचंही काम झालं.

मंडळापर्यंत जायची वेळ आली नाही. आलीच तर तिथे अर्जाला फी नाही आणि निकाल ९० दिवसांत द्यायचा प्रयत्न मंडळाने करायचा असतो. मंडळात रुग्ण किंवा त्यांची काळजी घेणारे यांनाही जागा आहे, त्यामुळे अर्जात रोजची अडचण साध्या शब्दांत लिहायला लाजू नका.

अजून एक राहिलं. फुली मारलेली चिठ्ठी टाकून देऊ नका, प्रत्येक महिन्याची झेरॉक्स काढा. 'पुरवठा नाही' हे तोंडी कुणीही नाकारतं, लाल फुली नाकारता येत नाही. आता लिथियमच्या पातळीची रक्ततपासणी बाहेर करायला सांगताहेत. तीही चिठ्ठीवर लिहून मागितली आहे.