टाकीतलं पाणी कुणाचं?

जुलैत मानेवाड्याहून ढकलत आणलेली मोटारसायकल. २०११ची, कार्ब्युरेटरवाली. गाडीवाले काका तीन महिने मुलाकडे पुण्याला होते, गाडी अंगणात उघड्यावर. आधीच्या मिस्त्रीनं प्लग बदलला आणि बोअरचं (इंजिनच्या सिलिंडरचं) काम सांगून मोकळा झाला. पेट्रोल न बघताच इंजिन उघडायची ही घाई मला कळत नाही.

फ्लोट बाउलचा (कार्ब्युरेटरच्या खालच्या वाटीचा) स्क्रू सोडून पेट्रोल काचेच्या बाटलीत काढलं, तर दोन थर. वर पिवळसर, खाली गढूळ. टाकीत चार लिटर होतं, त्यातही खाली पाऊण लिटरच्या वर तेच.

"पंपवाल्यानं पाणी देलं ना भाऊ!" काका म्हणाले.

मोजपात्रात ५० मिली पाणी, ५० मिली पंपावरचं ताजं पेट्रोल घेतलं, हलवून ठेवलं. पेट्रोलमधलं इथेनॉल, म्हणजे अल्कोहोल, पाण्यात उतरतं. पाण्याची रेघ ६० वर आली, ५० मिलीत १० मिली, म्हणजे २० टक्के इथेनॉल, बरोबर ई-२० (२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल). मग काकांच्या टाकीतल्या वरच्या थराचं तेच केलं. रेघ जेमतेम ५२. अल्कोहोल आधीच खाली गेलं होतं.

पाणी आलं झाकणातून. झाकणाभोवतीचं निचऱ्याचं बारीक छिद्र मातीनं बुजलेलं, रबर कडक झालेलं. नुसत्या दमट हवेनं एवढं साचत नाही.

पण पंपाला शंभर टक्के सुटका देता येत नाही, तेच डोक्यात घोळतंय. साध्या पेट्रोलमध्ये हे कपभर पाणी तळाशी बसलं असतं, काढलं की झालं. इथेनॉल थोडं पाणी पचवतं, गाडीला कळतही नाही. हद्द ओलांडली की मात्र पेट्रोलला सोडून पाण्यासोबत तळाशी जातं. टाकीचा पेट्रोल कॉक तिथूनच ओढतो.

पायलट जेटच्या (कार्ब्युरेटरमधल्या बारीक नळीच्या) भोकात हिरवट-पांढरी पूड होती. तिथं तार घालायची नाही, भोक मोठं होतं. क्लीनर मारून हवा द्यायची. टाकी ताज्या पेट्रोलनं दोनदा विसळली. बाउलची रबरी रिंग फुगून खाचेत बसेना, म्हणून व्हायटॉनची (इथेनॉलला टिकणाऱ्या रबराची) टाकली. ई-२०ला त्याच हवेत पेट्रोल जास्त लागतं (साध्याला वजनानं १४.७ भाग हवेला १ भाग, याला साडेतेराच्या आसपास हवेला १), आणि या गाडीत ते ओळखणारा सेन्सर नाही. मिक्श्चर पाव आटा वाढवलं.

दुसऱ्या किकला चालू. काका पंपवाल्याला शिव्या देतच गेले.

जुनी रिंग टेबलावर राहिली होती. दुसऱ्या दिवशी सुकून आकसली, खाचेत नीट बसली. तीच परत लावून देणारे मिस्त्री आहेत. पेट्रोल लागलं की पुन्हा फुगते.