रांगोळी काढणारा स्पीकर

बडोद्यात रांगोळी हाताशीच मिळते, त्यामुळे आवाजाच्या आकृत्या दाखवणारी क्लाड्नी प्लेट मांडणं इथे सोपं. 1 मिमी जाड, 24 सेंमी चौरस ॲल्युमिनियमचा पत्रा घ्या, मधोमध 4 मिमीचं भोक पाडा. 4 इंची, 8 ओहमच्या स्पीकरच्या कोनवर (थरथरणाऱ्या शंकूवर) बरोबर मध्यभागी बोल्ट इपॉक्सीने उभा चिकटवा, रात्रभर सुकू द्या, मग पत्रा दोन नटांमध्ये आवळा. भोक जरासं सरकलं तरी आकृती एका अंगाला कलते.

पांढरी रांगोळी चाळून भरड तेवढीच घ्या आणि पत्र्यावर भुरभुरा. पत्रा थरथरला की ती न हलणाऱ्या, स्थिर रेषांवर जमते, तीच आकृती. अगदी बारीक भुकटी मात्र या रेषांवर न जमता उलट सर्वांत जास्त थरथरणाऱ्या जागी गोळा होते. पत्र्यालगतचे हवेचे प्रवाह तिला तिकडे नेतात, हे शास्त्रज्ञ मायकेल फॅरडेने 1831 मध्येच दाखवलं. मिठाच्या नादी लागू नका, पावसाळ्यात ते ओल धरतं.

मोबाइलवरच्या टोन जनरेटर ॲपची साइन लहर (एकच शुद्ध सूर) ॲम्प्लिफायरमधून स्पीकरला सोडा, 100 हर्ट्झपासून हळूहळू वर न्या. रांगोळी एकदम पळायला लागली की थांबून एकेक हर्ट्झने जुळवा. आवाज वाढवून आकृती उमटत नाही, नुसती रांगोळी उडते. आणि तोच सूर जोरात फार वेळ ठेवला तर स्पीकरची कॉइल जळते.