आमच्या मंडळाचा वार्षिक ‘कॅसाब्लांका’

आमच्या चित्रपट मंडळाचं वर्ष संपतं ते ‘कॅसाब्लांका’ हा दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला हॉलिवूडपट दाखवून. दीपप्रज्वलन, अहवालवाचन, पाहुण्यांना शाल-श्रीफळ हे सगळं यथासांग होतं, त्यावर काय लिहायचं! खजिनदार हिशेब वाचतात तेव्हा अर्धं सभागृह बाहेर चहाला असतं, एवढंच नोंदवतो.

मी जातो तो बाईंचं बोलणं ऐकायला. बाई कॉलेजात फ्रेंच शिकवायच्या. मंडळातले निम्मे त्यांचे विद्यार्थी. सिनेमाआधी त्या उभ्या राहतात, हातात लग्नपत्रिकेचं पाठकोरं पाकीट, त्यावर पेन्सिलीने लिहिलेली नावं. सुरुवात नेहमी गमतीजमतींनी. कॅफेतल्या पियानोवाल्या सॅमचं काम करणारा डूली विल्सन मुळात ड्रमवाला, त्याला पियानो येतच नव्हता. वाजवणारा कॅमेऱ्याबाहेर बसलेला. शेवटच्या प्रसंगातलं विमान खोटं आणि आकाराने लहान. ते मोठं वाटावं म्हणून त्याच्याजवळ बुटकी माणसं उभी केली आणि वर धुकं सोडलं. नायक बोगार्ट नायिका बर्गमनपुढे ठेंगणा दिसू नये म्हणून त्याच्या बुटांना उंची दिलेली. इथे हशा ठरलेला.

मग बाई पाकीट उलटतात. नायक रिकच्या कॅफेत जर्मन अधिकारी आपलं गाणं म्हणतात आणि नाझींशी लढणारा लाझलो बँडला ‘ला मार्सेएज’, म्हणजे फ्रान्सचं राष्ट्रगीत, वाजवायला सांगतो, तो प्रसंग. रिक नुसती मान हलवतो आणि सगळा कॅफे उभा राहतो. त्या गर्दीत कोण कोण आहे, ते बाई एकेक करून सांगतात. डोळ्यांत पाणी आणून गाणारी मादलेन लबो आणि जुगाराच्या टेबलावरचा मार्सेल दालियो खरे नवरा-बायको. दालियो ज्यू. १९४० साली जर्मन फौजा पॅरिसच्या तोंडाशी आल्या तेव्हा दोघं निसटले, ते लिस्बनमार्गे. सिनेमातली माणसं अमेरिका गाठण्यासाठी ज्या लिस्बनला जायला तडफडतात, तेच. गोलमटोल वेटर झालेला साकाल हंगेरीचा, त्याच्या बहिणी छळछावणीत गेल्या. व्हिसाच्या पैशांसाठी जुगार खेळणारा तो कोवळा नवरा, हेल्मुट डान्टिन, स्वतः ऑस्ट्रियात नाझींच्या कैदेत राहून आलेला. आणि नाझी मेजर रंगवणारा कॉनराड फाइट? ज्यू बायकोला घेऊन १९३३ सालीच जर्मनी सोडलेला माणूस! चित्रीकरण १९४२च्या उन्हाळ्यातलं. युद्ध कोण जिंकणार हे त्यांतल्या कुणालाच ठाऊक नव्हतं. ‘रडण्याचा अभिनय करायची गरज कुणाला होती रे?’ एवढं बोलून बाई खाली बसतात. हे वाक्य दर वर्षी येणार हे माहीत असतं, तरी माझा घसा दाटतोच.

आणि हे ऐकायला माणसं किती? पहिल्या चार रांगा. एका वर्षी मालिकेतला एक नट पाहुणा आणला, तेव्हा उभं राहायला जागा नव्हती. तो हार घालून घेऊन गेला, मागोमाग सभागृहही गेलं. बाई तेव्हाही चार रांगांशीच बोलल्या.

ऑस्करच्या वेळी सर्वोत्कृष्ट चित्रपट जाहीर झाला तर निर्माता हॅल वॉलिस उठेपर्यंत स्टुडिओचे मालक जॅक वॉर्नर मंचावर पोचले आणि बाहुली घेऊन मोकळे झाले. हा किस्सा आमचे सचिव अध्यक्षांकडे बघत सांगतात. तसं आमच्याकडे होऊ नये म्हणून लिहून ठेवतो: प्रोजेक्टर स्वतःच्या गाडीतून आणणारे काका, वायर पायात येऊ नये म्हणून चिकटपट्टी लावत बसणारा त्यांचा नातू, मराठी उपशीर्षकं घरी बसून टंकणाऱ्या दोघी बहिणी, बटाटेवड्यांचं घाणं सांभाळणाऱ्या काकू आणि चटणी वाटून देणाऱ्या त्यांच्या जाऊबाई, सभागृहाचे शिपाई, ज्यांनी एकदा वीज गेल्यावर शेजारच्या मंगल कार्यालयातून जनरेटर ओढत आणला, फलकावर खडूने बोगार्टची टोपी काढणारे चित्रकलेचे सर. खुर्च्या उचलायला थांबणारी पोरं राहिलीच. आणखी कुणी राहिलं असेल तर हक्काने फोन करून रागवा.

‘आम्ही मोबाइलवर पाहिलाय’ म्हणणाऱ्यांनी सिनेमा सुरू झाल्यावर निघून गेलं तरी चालेल. पण बाई साडेपाचला बोलायला उभ्या राहतात. वड्यांच्या वेळेला, साडेसहाला, नव्हे.